जडवाद्याची काशीयात्रा

नवऱ्यामुलाला इन्सुलिन लग्नाआधी टोचायचं की लग्नानंतर, यावरून पश्चिम मांबलमच्या त्या छोट्या कल्याणमंडपात सकाळीच दोन तट पडले होते. सून देविका म्हणत होती, आत्ता. मुलगा श्रीवत्स म्हणत होता, नंतर. कारण इन्सुलिन घेतलं की लगेच खायला लागतं, आणि व्यासराज वाध्यारांनी, म्हणजे घरच्या भटजींनी, विधी होईपर्यंत पोटात काही जाता कामा नये असं बजावलं होतं. ज्यांच्या साखरेवरून हे चाललं होतं ते नवरदेव, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक चंद्रमौळी राव, वय वर्षं ऐंशी, आतल्या खोलीत नातीकडून डोळ्यांत काजळ घालून घेत होते.

"साखर खाली गेली तर वाध्यार मंत्र म्हणून वर आणणार आहेत का?" देविका म्हणाली. घर पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी, ती मात्र मूळची नाशिकची. चेन्नईत इतकी वर्षं काढूनही तिच्या आवाजाला कुजबुज म्हणून जमत नसे.

"हळू बोल. अप्पांनी ऐकलं तर त्यांना मुद्दा मिळेल. आज त्यांना एकही मुद्दा मिळता कामा नये."

हे मात्र श्रीवत्सचं खरं होतं. या घरात मुद्दा मिळालेले अप्पा फार महाग पडत. शेवटी देविकानं इन्सुलिन दिलं, वर दोन केळी चारली आणि वाध्यारांना सांगितलं की फळ म्हणजे उपासच. वाध्यारांना त्या दिवशी अजून दोन कार्यं होती. ते वाद घालत बसले नाहीत.

खरं तर ठरला होता नुसता सदाभिषेकम. ऐंशी पूर्ण झाली की मुलाबाळांनी आईबापांवर कलशांचं पाणी घालायचं, नवऱ्यानं बायकोच्या गळ्यात पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधायचं, आणि तीनशे माणसांनी सांबारभात जेवून घरी जायचं. साठीचा सोहळा चंद्रमौळींनी असाच चुकवला होता. नेमके त्याच आठवड्यात ते परिषदेला दिल्लीला निघून गेले होते. या वेळी सगळ्यांनी धीर करून विषय काढला, व्यासराजांना घरी बोलावलं. आणि व्यासराजांनी अगदी साधी सूचना केली, "अम्मा, जुनं मंगळसूत्र तेवढं काढून ठेवा. नवं त्याच्या जोडीला बांधायचं."

चंद्रमौळींच्या पत्नी सीतालक्ष्मी कढीपत्ता निवडत होत्या. "नाहीं," त्या म्हणाल्या.

"लॉकरमध्ये आहे?"

"नाहींच. कधीं नव्हतं. रजिस्टर लग्न झालं आमचं. गळ्यांत आहे तें मी माझ्या शाळेच्या पगारांतून टी. नगरला घेतलं. लोकांनी विचारूं नये म्हणून."

पन्नाशीच्या श्रीवत्सला आपल्या आईवडिलांच्या लग्नाची हकीकत अशी कढीपत्त्याबरोबर समजली. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. व्यासराजांनी थोडा विचार केला आणि धंद्याला शोभेल अशा शांतपणे सांगितलं, "मग पुन्हा बांधायचं कसं? जे एकदाही बांधलं नाही ते पुन्हा बांधता येत नाही. आधी लग्न लावायला हवं. सुटसुटीत लावू. पण सगळं."

चंद्रमौळी यावर पुष्कळ बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण सीतालक्ष्मी कढीपत्त्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, "मला हवंय."

या घरात त्यांनी "चालेल", "बघूं" आणि "तुमचं होऊं द्या" हे शब्द भरपूर वापरले होते. "मला हवंय" हे पहिल्यांदाच ऐकू आलं. चंद्रमौळींचं उघडलेलं तोंड मिटलं.

*

मिटलं, पण ते मिटलेलं राहणं अवघड होतं, आणि त्याला कारण त्यांचा ग्रंथ.

श्रीवत्स शाळेत असल्यापासून चंद्रमौळी एकच ग्रंथ लिहीत होते. अठराव्या शतकातल्या जडवाद्यांवर. म्हणजे देवाला मध्ये न घेता, मातीतून, पाण्यातून, हळूहळू, आपोआप सगळी जीवसृष्टी झाली असं म्हणणाऱ्या लोकांवर. उत्क्रांतीचा सिद्धांत नीट मांडला जाण्याच्या शंभर वर्षं आधी या मंडळींना त्याचा वास लागला होता. आपल्याकडच्या नास्तिक लोकायतिकांनाही तो लागला होता, असं चंद्रमौळी वर्गात सांगत आणि उदाहरण दोशाच्या पिठाचं देत: तांदळात फुगणं नाही, उडदात नाही, दोन्ही भिजवून वाटून ठेवा, सकाळी पातेल्याबाहेर! जडातून चैतन्य येतं ते असं. त्यांचे विद्यार्थी बाकी सगळं विसरले, पण दोसा खाताना त्यांना सर आठवत.

ग्रंथाचा निष्कर्ष मात्र कडक होता. हे लोक बरोबर होते, पण भित्रे होते. राजाच्या बागेचा अधिकारी असलेल्या एका फ्रेंच उमरावानं पृथ्वीच्या जन्माची स्वतःची कथा लिहिली. धर्मपंडितांनी डोळे वटारताच लेखी माघार घेतली, ती पुढच्या खंडात छापली आणि मूळ पुस्तकातलं काहीच बदललं नाही. दुसरा एक वैद्य माणूस म्हणजे यंत्र असं म्हणाला. तो तेवढा धीट निघाला, पण मेजवानीत मांस भरलेला पाव अति खाऊन मेला, त्यामुळे मांबलमच्या शाकाहारी घरात त्याचं नाव जरा बेतानंच निघे. आणि चंद्रमौळींचा सगळ्यात जास्त राग होता तो एका लठ्ठ इंग्रज डॉक्टरवर. पुढे उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे ज्याचं नाव जगभर झालं त्याचा हा आजोबा. यानं आपल्या बग्गीच्या दारावर तीन शिंपले रंगवले आणि खाली लिहिलं, 'सर्व काही शिंपल्यांपासून'. गावच्या पाद्र्यानं त्याच्यावर चेष्टेची कविता केली. रोगी हातचे जातील म्हणून डॉक्टरनं बग्गीवर रंग फिरवून शिंपले पुसून टाकले.

"पुसले!" सकाळच्या कॉफीला हे प्रकरण वाचून दाखवताना चंद्रमौळी दरवेळी टेबलावर हात आपटत. "सत्य दारावर लिहायचं आणि रोग्यांसाठी पुसायचं!"

सीतालक्ष्मी कॉफी सांडू नये म्हणून तेवढ्यापुरता पेला उचलून धरत.

*

मुहूर्ताच्या आधी मंडपात पाहुणे बरेच जमले. नादस्वरवाले सुरू झाले. चंद्रमौळी पंचकच्च पद्धतीचं धोतर नेसून, कपाळाला चंदन, डोळ्यांत काजळ, गळ्यात हार अशा थाटात खुर्चीवर बसले होते आणि स्वतःची समजूत घालत होते. सूत म्हणजे कापूस. सोनं म्हणजे धातू. एका जड वस्तूभोवती दुसरी जड वस्तू गुंडाळायची. यात तत्त्वाला बाध येईल असं काहीच नाही.

तेवढ्यात त्यांचा जुना विद्यार्थी श्रीनिधी भेटायला आला. हा कॉलेजात कधीच पुढच्या बाकावर बसला नव्हता, पण प्रेमळ. त्यानं वाकून नमस्कार केला, सरांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मोठ्यांदा हसला.

"काय सर! शेवटी तुम्हीही शिंपले पुसलेत!"

चार जण हसले. चंद्रमौळीही हसले. पण ते वाक्य आत गेलं ते बाहेर येईना. इतक्या वर्षांत एका विद्यार्थ्याला एक गोष्ट लक्षात राहिली होती, आणि ती त्यानं बरोबर जागी वापरली होती. शिक्षकाला एरवी आनंद व्हावा असा प्रसंग. चंद्रमौळींना मात्र घाम फुटला.

"तात्ता, रेडी?" नात तनया आली. तिच्या हातात छत्री, काठी, ताडाचा पंखा आणि एक नव्या कोऱ्या चपलांचा जोड होता. "काशीयात्रा! प्लीज नीट करा हं, मी व्हिडिओ घेणार आहे."

हा प्रकार तिच्याच हट्टानं ठेवला होता. व्यासराजांनी श्रीवत्सला समजावून सांगितलं होतं, "नवरा म्हणतो, मला संसार नको, मी संन्यास घेऊन काशीला चाललो. मुलीचा बाप दारात आडवा येतो, माझी मुलगी करा म्हणतो, नवरा परत येतो. दोन मिनिटांचं काम."

"मुलीचा बाप कोण?"

"तुम्हीच. तुमचे आजोबा नाहीत, मामा नाहीत. कन्यादान तुम्ही करायचं."

"म्हणजे मी अम्माचा बाप?"

"मंत्रापुरता हो," व्यासराज म्हणाले. "मंत्र संपला की पुन्हा मुलगा."

चंद्रमौळींनी छत्री उघडली, काठी घेतली, पंखा काखेत मारला, चपला घातल्या. आणि दाराकडे निघाले तेव्हा त्यांच्या मनात आलं की या सबंध विधीत आपल्याला मनापासून पटेल अशी ही एकच गोष्ट आहे.

दारात श्रीवत्स नारळाचं ताट घेऊन उभा होता. "हे ब्रह्मचारी," त्यानं पाठ केलेलं सुरू केलं, "संन्यास नको. माझी कन्या—"

"बाजूला हो," चंद्रमौळी म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीवत्सही हसला, कारण अप्पांना अभिनय जमेल असं त्याला वाटलं नव्हतं. चंद्रमौळी त्याच्या बगलेतून पुढे गेले, फाटक ओलांडलं आणि रस्त्याला लागले.

"तात्ता, सूपर! आता फिरा!" तनया फोन धरून ओरडली.

तात्ता फिरले नाहीत. छत्री रस्त्याच्या कडेकडेनं लहान होत गेली, एका भाजीच्या गाडीला वळसा घालून वळणावर दिसेनाशी झाली. मंडपात नादस्वरवाले वाजवतच राहिले. त्यांना थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं.

*

वळणावर कॉफीचं एक दुकान होतं आणि दुकानापुढे बाकडं. चंद्रमौळी यापेक्षा पुढे जाणार नव्हते. पाय दुखत होते आणि पंचकच्चाला खिसा नसतो. दुकानदारानं काजळ घातलेला, हार घातलेला म्हातारा पाहिला, काही न विचारता कॉफी दिली. पश्चिम मांबलममध्ये याहून विचित्र गिऱ्हाइकं येतात.

श्रीवत्स धापा टाकत आला. नारळाचं ताट अजून हातातच होतं.

"अप्पा, हें काय? सगळे थांबलेत."

"त्यांना जेवायला घाल."

"अम्मा बसलीय ना तिथे!"

"श्रीवत्सा, मी चाळीस वर्षं एका माणसाला भित्रा म्हणत आलों. रोगी जातील म्हणून शिंपले पुसले, म्हणून. आज माझे शिंपले गेले. श्रीनिधी म्हणाला. श्रीनिधी! त्याला मी दोनदां नापास केला होता."

"मग तो फ्रेंच उमराव? त्यानं नुसती सही केली, पुस्तक बदललं नाही. तुम्हीही आज सही केल्यासारखं करा. ग्रंथ तसाच ठेवा."

"त्याला मी जास्त भित्रा लिहिलंय."

श्रीवत्स बाकड्यावर बसला. आयुष्यभर अप्पांशी वाद हरत आल्यामुळे त्याला हरण्याची जागा लवकर ओळखू येत असे. दुकानदारानं त्यालाही कॉफी दिली. वधूपित्यानं कॉफी प्यायली आणि ताट घेऊन एकटाच परत गेला.

मंडपात व्यासराज घड्याळ बघत होते. "राहुकाळ लागेल. त्याच्या आत नाही झालं तर आज नाही."

"नाही झालं तर नाही," श्रीवत्स म्हणाला. तो थकला होता. "आपणच जबरदस्ती केली. अप्पांचं एक तत्त्व आहे. कलशाचं पाणी वगैरे नको, सरळ पानं वाढू. लोकांना सांगू तब्येत—"

"तब्येत?" देविकाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. मजा अशी की आठवडाभर या विधीला सगळ्यात जास्त नाक मुरडलं होतं ते देविकानंच. ऐंशीव्या वर्षी कसलं लग्न, पैशाचा चुराडा, असं माहेरी फोनवर ऐकवलं होतं. "अप्पांचं तत्त्व! आणि अम्मांचं काय? दरवर्षी आपल्या लग्नाचा अल्बम त्या कपाटातून काढतात, माहीत आहे तुला? माझ्याकडून पुसून घेतात, एकेक पान बघतात, ठेवून देतात. मला वाटायचं तुझं कौतुक! आज कळलं त्या काय बघत होत्या."

"मी काय करूं? बाप म्हणून गेलो, हात हलवत आलो."

"मग मी जाते. मुलीची आई म्हणून."

"देविका," मंडपाच्या मधोमध पाटावरून आवाज आला. मडिसार पद्धतीनं नऊवारी नेसलेल्या, डोक्यात मोगरा माळलेल्या सीतालक्ष्मी उठून उभ्या राहत होत्या. "तूं बैस. माझा नवरा आहे. मी आणतें."

व्यासराज घाबरले. "अम्मा, वधूनं जायचं नसतं! शास्त्रात—"

"शास्त्रांत वधू चौऱ्याहत्तरची असते कां?" त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

*

रस्ता ओलांडताना दोन ऑटो आणि एक शेअर-व्हॅन थांबली. सीतालक्ष्मींना वाईट वाटत होतं, आणि रागही आला होता. पण दोन्हींपेक्षा जास्त त्यांना चालताना नऊवारीचा काठ सांभाळायचा होता. बाकड्याशी येऊन त्या नवऱ्याच्या शेजारी बसल्या. दुकानदार तिसरी कॉफी करायला वळला.



"कॉफी घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"साखर घातलेली?"

चंद्रमौळींनी रिकामा पेला बाकड्याखाली सरकवला. म्हणजे घातलेली.

"मला एक सांगा. तो बग्गीवाला. त्याला बायको होती?"

"दोन. पहिली वारली."

"शिंपले पुसले तेव्हां तिला विचारलं होतं?"

"तें कुठें लिहिलेलं नाहीं."

"नसणारच. आणि तो फ्रेंच? सही करताना घरीं विचारून केली?"

"सीते, हा मुद्दा नव्हे. ते सगळे भिऊन वाकले. मी वाकलों तर त्यांच्यांत आणि माझ्यांत फरक काय?"

"ते पाद्र्याला भ्याले. तुम्ही कुणाला भितां? व्यासराजला?"

"त्याला काय भ्यायचं!"

"मग मला भितां?"

चंद्रमौळींनी प्रामाणिकपणे विचार केला. प्रामाणिकपणा ही त्यांची खोड होती. "थोडासा," ते म्हणाले.

"मग लिहा माझं नांव त्या धर्मपंडितांच्या खालीं."

दुकानदारानं कॉफी आणून ठेवली. त्याला मराठी कळत नव्हतं, पण नवराबायको कळत होते; तो आत निघून गेला.

"माझा देवावर विश्वास आहे असं तुम्हांला वाटतं?" सीतालक्ष्मींनी विचारलं.

"नाहीं?"

"तुमच्याबरोबर इतकीं वर्षं रोज सकाळीं ऐकून? कुठला राहतो!" त्या जरा हसल्या. मग हसू गेलं. "रजिस्ट्रारच्या कचेरींत काय झालं आठवतं?"

"लग्न झालं."

"तुम्ही अधिकाऱ्याशीं भांडत होतां. माणसाला धर्म विचारायचा सरकारला अधिकार काय, म्हणून. बरोबरच होतं तुमचं. पण सगळा वेळ तुम्ही त्याच्याकडे बघत होतां. सही कुठें करायची तें शिपायानं बोट ठेवून मला दाखवलं. झाल्यावर 'नल्ला इरुंग अम्मा', सुखानं राहा, असं तोच म्हणाला. तुम्ही तोंवर जिन्यावर पोचला होतां, भांडत. मी नवी साडी नेसलें होतें. निळी." त्यांनी नेसलेल्या साडीचा काठ उगीचच सरळ केला. "माझी आई गेली तोंवर मी तिला सांगत राहिलें की लग्न छान झालं. मला कधीं कधीं वाटतं, माझं लग्न त्या शिपायाशींच लागलं."

 अधिकाऱ्याला काय उत्तर दिलं ते चंद्रमौळींना आजही शब्दन् शब्द आठवत होतं. साडी निळी होती हे मात्र आत्ता कळत होतं. त्यांना लाज वाटली. सरळ, साधी, कानांपर्यंत तापवणारी लाज.

"मग मी तिथें येऊन काय करूं?" ते हळू म्हणाले. "मंत्र म्हणूं? ते खोटे होतील."

"म्हणूं नका. व्यासराज म्हणतील, त्यांचं तें कामच आहे. तुम्ही देवाकडे बघूं नका, अग्नीकडे बघूं नका. माझ्याकडे बघा. त्या दिवशीं बघायचं राहिलं तें."

"किती वेळ?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

चंद्रमौळी उठले. उठताना गुडघा वाजला. त्यांनी बायकोला हात दिला, तिनं कॉफी संपवली, आणि दोघं एका छत्रीत रस्ता ओलांडू लागली. कॉफीचे पैसे कुणीच दिले नाहीत. ते मागून देविकानं येऊन दिले.

*

"वधू वराला घेऊन आली," व्यासराज स्वतःशीच पुटपुटले. "असं मी पहिल्यांदाच पाहतोय." मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मंत्रांना असा वेग दिला की नादस्वरवाल्यांची दमछाक झाली. श्रीवत्सनं आईचा हात वडिलांच्या हातात दिला. देताना त्याला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"सर, आता अग्नीकडे बघा," व्यासराज म्हणाले.

"नाहीं."

"सर, दोन सेकंद."

"नाहीं."

व्यासराजांनी देविकाकडे पाहिलं. देविकानं पुढे चला अशी खूण केली. मंगळसूत्र बांधताना चंद्रमौळींना गाठीकडे न बघता गाठ बसेना. तेव्हा तनयानं मागून बोटं लावली. अक्षता पडल्या. श्रीनिधीनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. कलशांचं पाणी दोघांच्या डोक्यांवरून आलं, काजळ ओघळून गालांवर उतरलं, पण चंद्रमौळींनी डोळे मिटले नाहीत. सीतालक्ष्मी आधी लाजल्या, मग खाली बघू लागल्या, मग मान वर करून त्याही बघू लागल्या.

पानं मांडली गेली. पाहुणे जेवणघराकडे सरकले, नादस्वरवाले पिशव्या भरू लागले, व्यासराज दुसऱ्या लग्नाला पळाले. ओलीचिंब दोघं पाटांवर समोरासमोर तशीच.

देविका टॉवेल घेऊन आली. "अम्मा, सर्दी होईल. सगळे जेवायला बसले. म्हणा ना पुरे, त्याशिवाय अप्पा हलायचे नाहीत."

"तूं हो पुढें," सीतालक्ष्मी म्हणाल्या. त्यांनीही नजर हलवली नव्हती. "अजून नाहीं झालं पुरे."